कोरड्या वाळूतले सात रुपये

१८ जानेवारी २००९, रविवार

कंपनीने नववर्षाला सगळ्यांना ही चामडी डायरी वाटली. पहिली सतरा पानं कोरी आहेत, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे. आज कंपनीने मला काढलं.

एचआरमधली मुलगी माझ्या मुग्धापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "हेमचंद्र सर, इट्स नॉट अबाउट युअर परफॉर्मन्स." मग कशाबद्दल आहे बाई? बारा वर्षं मी दुबईत इमारतींच्या सळया, सिमेंट, टाइल्स यांचा हिशेब केला. कोणत्या मजल्याला किती माल लागेल हे झोपेतही सांगेन. माझा हिशेब त्यांनी एका पानात उरकला.

मृणालिनी शाळेतून आली तेव्हा मी बूट घालूनच सोफ्यावर बसलो होतो. तिने बुटांकडे बघितलं आणि चहा ठेवला. बायकोला न सांगता कळतं याचा आज मला राग आला.

९ फेब्रुवारी, सोमवार

जुना व्हिसा रद्द होऊन आज नवा लागला, मृणालिनीच्या नावावर. ती इथे शारजात इंडियन स्कूलमध्ये सायन्स शिकवते आणि शिक्षिकांना नवरा स्पॉन्सर करता येतो. शिक्क्यावर लिहिलंय, या इसमाला काम करण्याची परवानगी नाही. परवानगी असती तरी काम कोण देत होतं म्हणा.

सकाळी दोघी गेल्या की मी पुन्हा झोपतो. दुपारी उठतो. दाढी करायची राहून जाते.

२२ फेब्रुवारी, रविवार

समोरच्या इमारतीवरची क्रेन महिनाभर हललेली नाही. आज बाल्कनीत उभा राहून तिच्याकडे बघत होतो. किती वेळ ते माहीत नाही. सातव्या मजल्यावरून खालचं पार्किंग अगदी नीटनेटकं दिसतं, एकेका गाडीवर धूळ साचलीय, मंदीत कर्जं टाकून मालक पळून गेलेत. मृणालिनी कधी आली कळलंच नाही. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "आत चला." हात ओला होता तिचा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मृणालिनीने बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलं. कबुतरं घाण करतात म्हणे. चावी तिच्या पर्समध्ये. आता घरात वाऱ्यालासुद्धा तिची परवानगी लागणार.

३ मार्च, मंगळवार

जहूर येऊन मला जबरदस्तीने घेऊन गेला. जहूर दापोलीकडचा. आम्ही बारा वर्षांपूर्वी एकाच शेअरिंग खोलीत राहायचो. मी ऑफिसात चढत गेलो, तो शारजा औद्योगिक क्षेत्रात भंगार घेऊन बसला. आता त्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. गोरे लोक घरदार टाकून निघालेत आणि त्यांचे सोफे, सायकली, ट्रेडमिल सगळं याच्याकडे येऊन पडतंय.

त्या ढिगात मला एक लांब दांडा दिसला. खाली थाळीएवढी चकती, वर पत्र्याचा डबा, दोन बटणं, जाडजूड हेडफोन.

"मेटल डिटेक्टर हाय तो," जहूर म्हणाला. "कोणी इंग्लिश बुढ्ढ्याचा. पंचवीस साल जुना असंल. बाजारात दीडशे दिरहम, मंजे आपले दोन हजार. तुला फुकट. घेऊन जा, हेमभाई, बीचवर फिर जरा. चेहरा बघ तुझा, कफन जैसा झालाय."

मी म्हटलं, चालतो का? तर म्हणाला, "चालंल, इन्शाल्ला. पण सांगून ठेवतो, खरा पुराना चीज गावला तर सरकारला द्यायचा असतो. लफडा करू नकोस."

भंगारवाल्याने मला कायदा शिकवावा, असे दिवस आलेत.

६ मार्च, शुक्रवार

अल खानच्या किनाऱ्यावर गेलो, कोळ्यांच्या पडक्या जुन्या वस्तीच्या मागे. पूर्वी इथून मोती काढायला होड्या निघत. मशीनला पडदा नाही, आकडे नाहीत, नुसता आवाज. आधी बटण फिरवून बारीक गुणगुण जुळवायची, मग चकती वाळूवरून फिरवायची. धातू आला की गुणगुण वर चढते. कोरड्या वाळूत ठीक चालतं. पाण्याजवळच्या ओल्या वाळूत नेलं की खारट ओलीनेच बोंबलायला लागतं, खाली काही असो नसो. म्हणजे तो अर्धा किनारा बादच.

मिळकत: कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या अठरा, खिळे सहा, एक चमचा.

१० मार्च, मंगळवार

मशीन पलंगाखाली सरकवलं. भंगार ते भंगार. आज उठलो नाही. जेवलोही नाही. मुग्धा दारातून म्हणाली, "बाबा, आर यू सिक?" मी कूस बदलली.

१३ मार्च, शुक्रवार



मृणालिनीने पहाटेच हाका मारून उठवलं. म्हणाली, मलाही बघायचंय ते मशीन. जायचंच नव्हतं, पण ती थर्मास भरून तयार होती. मी सूर जुळवत बसलो तेवढ्यात ती पुढे एक फेरी मारून आली. मग मी सुरुवात केली आणि दहाव्या मिनिटाला आवाज चढला. कड्यांचा आवाज फाटका असतो, हा गोल, भरीव होता. वीतभर खणलं. चांदीचा रुपया. पंचम जॉर्ज, १९१७.

साठच्या दशकापर्यंत या भागात आपलाच रुपया चालायचा हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि हातात येणं वेगळं. मी वाळूत गुडघ्यांवर बसलो होतो. मृणालिनी म्हणाली, "अय्या, खरंच सापडलं?" तिचे डोळे भरले होते. तिला खोटं कौतुक करता येत नाही, ही एक गोष्ट तिच्यात चांगली आहे.

घरी येऊन दाढी केली.

२७ मार्च, शुक्रवार

पाडवा. दरवर्षी गुढी बाल्कनीत असते. यंदा कुलूप काढायला नको म्हणून मृणालिनीने ती देवघराशेजारी खुर्चीला बांधली. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं वरचं कपाट, तिकडे मी फिरकत नाही. देवधर्म हे तिचं खातं. लक्ष्मीपूजनालाही मी फक्त फोटोपुरता पाटावर बसतो. मागच्या दिवाळीत तर आरतीभर साइटशी फोनवर बोलत होतो.

पूजा उरकून किनाऱ्यावर. आज दोन. एक राणी छाप, एक जॉर्ज. राजाच्या मुकुटाच्या खाचेत तांबूस काहीतरी बसलंय. गंज असावा. चांदीला गंज चढत नाही, म्हणजे हे रुपये कुठल्या तरी लोखंडी पेटीत होते. पेटी फुटली, रुपये विखुरले. मला आता सगळं दिसायला लागलंय.

२४ एप्रिल, शुक्रवार

पाच झाले.

मी पद्धतशीर नकाशा केलाय. किनाऱ्याचे चौकोन पाडलेत, रोज एक चौकोन. गंमत अशी की इतर दिवशी एकटा जातो तेव्हा कड्या आणि खिळे, रुपया निघतो तो शुक्रवारीच. कारण उघड आहे. गुरुवारी संध्याकाळी सुट्टी लागते, लोक किनारा तुडवतात, वाळू हलते आणि खालचं वर येतं. अनुभवाने कळतं हे.

मृणालिनी बरोबर येते पण तिचा उपयोग शून्य. दर दहा पावलांवर खाली बसते, गुडघे दुखतात म्हणे. आज मला सांगत होती, "अहो, तिकडे पाण्याजवळ बघा ना जरा. तिथली वाळू किती मऊ आहे." मी म्हटलं, तुला यातलं काही कळतं का? ओल्या वाळूत हे मशीन चालत नाही. तिचा चेहरा एकदम उतरला. इतकं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं.

"चालतच नाही?" तिने पुन्हा विचारलं.

सायन्स शिकवते आणि मिठाच्या पाण्यातून वीज वाहते हे डोक्यात येत नाही.

१२ मे, मंगळवार

जहूर आला होता. त्याच्या ओळखीच्या अल्युमिनियम वर्कशॉपमध्ये इस्टिमेटर हवाय. "शेठ मलबारी हाय, माणूस चांगला. लेबर कार्ड, व्हिसा सगळा तो करणार. तू फक्त हो बोल, यल्ला, चल, उद्यापासून चालू."

औद्योगिक क्षेत्रात, पत्र्याच्या शेडमध्ये, खिडक्यांच्या चौकटी मोजायच्या. मी चाळीस मजल्यांची टेंडरं भरलेली आहेत. त्याला पाचही रुपये दाखवले, नकाशा दाखवला, पेटीचं सांगितलं. हे पुरं झालं की यावर लिहीन, संग्राहक दारात येतील. जहूरने रुपये उलटेपालटे करून पाहिले, मग मृणालिनीकडे पाहिलं, मग पुन्हा रुपयांकडे. एवढा बडबड्या माणूस, गप्प झाला. हेवा माणसाला असा गप्प करतो.

"भाभी, तुम्ही तरी सांगा याला," एवढंच म्हणाला.

मृणालिनी काय सांगणार? ती काहीतरी बोलायला तोंड उघडून थांबली आणि मला आणखी एक पोळी वाढली. मला आज खरी भूक लागली होती. चार पोळ्या खाल्ल्या. जहूरला नाही म्हणून कळवलं.

५ जून, शुक्रवार

सातवा. सकाळी सातलाच अंगाची लाही होते, तरी मिळवला. मृणालिनी आज म्हणाली, "आता बास करू या का? उन्हाळा आला." जमायला लागलं की हिला बास करायचं असतं.

३ जुलै, शुक्रवार

दोघी भारतात गेल्या, मृणालिनीच्या आईला बरं नाही. माझं तिकीट काढलं नाही, मीच नको म्हटलं. सासूबाई विचारणार, जावई काय करतात.

३१ जुलै, शुक्रवार

चार शुक्रवार, चार वेळा शून्य. वाळू तीच, मशीन तेच. उन्हात वाळू आवळली जात असावी.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

परवा दोघी परत आल्या. मृणालिनी वाळली आहे. आईशी काही बोलणं झालं असावं, विषय काढला की उठून जाते. आज बळेच बरोबर नेलं. पूर्वीसारखी पुढे फेरी मारायला गेली नाही, चटईवर बसून राहिली. काही मिळालं नाही. परतताना मी म्हटलं, तू आल्यावर नशीब येईल असं वाटलं होतं. त्यावर हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

२४ सप्टेंबर, गुरुवार

पेटी खोल आहे किंवा पाण्याच्या बाजूला सरकली आहे. दुसरं काही असू शकत नाही. अबुधाबीतल्या एकाची जाहिरात आलीय, ओल्या वाळूतही चालणारं नवं मशीन तो विकायला काढतोय. म्हणून आज सातही रुपये घेऊन दुबईत देऱ्याला गेलो. गोल्ड सूकच्या, म्हणजे सोन्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत जुन्या नाण्यांचा एक दुकानदार आहे.

म्हाताऱ्याने भिंग लावलं. मुकुटाच्या खाचेत नख घातलं, बोट चोळलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. "भाईसाब, ये तो पूजा के सिक्के हैं. हल्दी-कुंकू लगा है. घर की लक्ष्मी नहीं बेचते."

मी म्हटलं, मैंने खुद रेत से निकाले हैं. तो म्हणाला, "जैसा आप बोलो." असं म्हणून त्याने भाव पाडला. पाडायचाच होता, म्हणून नाटक. पण बोलून गेला ते माझ्या पथ्यावरच पडलं. कुंकू! अर्थात. मोत्यांच्या व्यापारातले हिंदू बनिये या किनाऱ्यावर होतेच, ते दिवाळीत लक्ष्मीपूजन करत असणार. म्हणजे पेटी त्यांच्यापैकीच कुणाची. माझा सिद्धांत त्या म्हाताऱ्याने फुकटात सिद्ध करून दिला. सातही दिले.

घरी येऊन मृणालिनीला सगळं सांगितलं, बनियाचंही. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"सगळे विकलेत?"

"सगळे."

"दुकान कुठेशी आहे म्हणालात?"

मला वाटलं होतं, शाबासकी देईल. हिला भावाची शंका.

२६ सप्टेंबर, शनिवार

मृणालिनी एकटीच देऱ्याला गेली. नवी मेट्रो बघायची आणि मुग्धाला चपला घ्यायच्या म्हणे. संध्याकाळी आली ती चपला न घेता. मेट्रो कशी आहे विचारलं तर म्हणाली, "बघितली नाही."

अबुधाबीचा माणूस मशीन न विकताच देश सोडून गेला. दैव देतं आणि कर्म नेतं. पैसे खणात पडून आहेत.

१७ ऑक्टोबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. हे पान लिहायला दोन तास लागले.

मी पाटावर बसलो. आता नाण्यांतला माणूस झालो आहे, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ताम्हनाकडे नीट पाहिलं. त्यात एक दिरहमची अकरा नाणी होती, धुऊन पुसून मांडलेली, प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट.

मी विचारलं, "दिरहम कशाला? पूर्वी दुसरं काहीतरी असायचं ना?"

"असायचं," मृणालिनी म्हणाली. "लग्नात आईने ओटीत अकरा रुपये घातले होते. चांदीचे. तिला तिच्या आईने दिलेले. सतरा वर्षं याच ताम्हनात मांडतेय मी."

निरांजन पेटलेलं होतं. मला खाचेतला तो तांबूस रंग आठवला.

"सात तुम्ही विकलेत," ती शांतपणे म्हणाली. "त्या दुकानात गेले होते मी. त्याने दुसऱ्याच दिवशी आटवायला पाठवले होते. जुने झिजलेले, म्हणाला, चांदीच्या भावाचे."

"आणि चार?"

"पाण्याजवळ. मला काय माहीत तिथे मशीन चालत नाही. तुम्हाला सांगत होते, तिकडे बघा म्हणून. मग मीच एकदा शोधायला गेले होते, सापडले नाहीत."

मुग्धा म्हणाली, "आई, प्लीज, नॉट टुडे." मुलीला माहीत होतं. जहूरलाही त्या दिवशी कळलं होतं. त्या म्हाताऱ्यालासुद्धा कळलं. गावात फक्त एक संशोधक होता ज्याला कळलं नाही.

मी ओरडलो. लक्ष्मीपुढे, तोंडाला येईल ते बोललो. मला मूर्ख बनवलंस, सात महिने मजा बघितलीस, वर्कशॉपची नोकरी आली तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस.

"उघडणार होते," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही चार पोळ्या खाल्ल्यात. जानेवारीपासून पहिल्यांदा."

पुढे म्हणाली, "आईने विचारलं, रुपये नीट आहेत ना. मी हो म्हटलं. आई आजारी आहे आणि मी तिच्याशी खोटं बोलून आले. तुमच्यासाठी. आता तुम्ही ओरडा."

 आरती तिने एकटीने म्हटली.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी जहूरला फोन केला. वर्कशॉपमध्ये जूनलाच दुसरा माणूस घेतला. "बघतो हेमभाई दुसरीकडे, इन्शाल्ला," म्हणाला. मे महिन्याबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग अल खानला गेलो, दोघंच. मी मागितलं नव्हतं, ती आपणहून आली. पाण्याच्या कडेने चालत म्हणाली, "इथे एक होता. नाही, त्या दगडाच्या पुढे." मी मशीन लावलं. ते पहिल्या पावलापासून बोंबलत राहिलं. ती म्हणाली, "बंद करा ते." मी हेडफोन काढले आणि आम्ही हातांनी खणलं. खड्डा पाण्याने भरायचा, कडा ढासळायच्या, पुन्हा खणायचं. तिच्या नखांत वाळू गेली होती. सहा महिन्यांच्या भरती-ओहोटीने तिच्या आईचे चार रुपये कुठे नेले असतील ते मला कुठल्याही चौकोनात मांडता येईना.

मी विचारलं, "पण का केलंस?"

"तुम्ही उठत नव्हता," ती म्हणाली.

मशीन जहूरच्या आवारात परत टाकून आलो.

२४ ऑक्टोबर, शनिवार

साडेपाचला जाग आली. जायला जागा नाही, मशीन नाही. पडून राहणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं की स्वयंपाकघरातला आवाज थांबलाय. नळ बंद, भांडं बंद. सुट्टीच्या दिवशी एवढ्या पहाटे ती उठून ओट्यापाशी स्तब्ध उभी होती, आणि मी उठतो का ते ऐकत होती. मार्चपासून रोज पहाटे उठत असणार. मी उठलो. पाय वाजवत बाथरूमला गेलो. नळ पुन्हा सुरू झाला.

चहा घेऊन हॉलमध्ये बसलो. समोर बाल्कनीचं दार, त्याला ते कुलूप. काचेतून बाहेर बघितलं. कठड्यावर आठ महिन्यांची धूळ आहे, सगळीकडे सारखी. घाणीचा एक ठिपका नाही, एक पीस नाही. या बाजूला दिवसभर ऊन आणि रस्त्याचा आवाज. इथे कबुतरं कधी येतच नव्हती.